सात पात्यांचं चाक

माझी डॉक्टरेट ज्या वस्तूवर उभी आहे ती कॉफीच्या पेल्याच्या तोंडाएवढी आहे. देवाच्या मूर्ती ओततात त्याच पिवळ्या धातूचं एक चाक, आणि त्याला वळणदार सात पाती. तळहातावर ठेवलं तर अंगठीच्या डबीहून फार जड लागत नाही. या एवढ्याशा चाकानं माझी सहा वर्षं खाल्ली, केस पिकवले, आणि एका सज्जन माणसावर मला भर रस्त्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडायला लावलं. तेव्हा वाटलं होतं, चूक त्याची आहे.

मी कुंभकोणमच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवते. घरात आम्ही आमची मराठी बोलतो, तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्यांची, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्यात दोन वर्षं शिकायला होते तेव्हा हॉस्टेलच्या मुली मला "एकदा परत बोल ना" म्हणून बोलायला लावायच्या आणि पोट धरून हसायच्या. त्या रागात मी त्यांची मराठी घोटून घोटून शिकले. ही लिहितेय ती तीच. राग हा माझा जुना मास्तर आहे, असं म्हणायला हरकत नाही.

तर झालं असं, की कॉलेजनं आम्हा डॉक्टरेट नसलेल्या चौघांना पत्र दिलं. मार्चअखेर प्रबंध सादर करा, नाहीतर जूनपासून येऊ नका. विद्यापीठानं मला तिसरी मुदतवाढ दिली होती आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही शेवटची. बाबा गेल्यापासून घरात मी आणि अम्मा. अम्मा दारासुरमच्या विणकरांकडून रेशमी साड्या आणून ओळखीपाळखीत विकते, पण हल्ली तिचे गुडघे जिना चढत नाहीत. नोकरी गेली तर पंचेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार, हा प्रश्न मी रोज सकाळी दात घासताना स्वतःला विचारायची.

आणि हे सगळं कशापायी? एका किरकिरीपायी.

विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, हे सगळे कौतुकानं सांगतात. पण इंजिन गप्प झालं की त्याच्या आड लपलेले बाकीचे आवाज बाहेर येतात, हे कुणी सांगत नाही. अम्मानं एकदा माझ्या डॉक्टरेटला लागलेला राहू उतरवायला मला तिरुनागेश्वरमला राहूच्या देवळात नेलं होतं. चुलतभावाची नवीकोरी विजेची गाडी होती. रेल्वेच्या फाटकापाशी थांबलो आणि गाडीच्या पोटातून एक बारीक, सरळ, न थांबणारा सूर यायला लागला. भाऊ म्हणाला, "कसला आवाज? मला काही येत नाही." अम्मा पदर कानावर घेऊन म्हणाली, "मला येतें. डोस्क्यांत मच्छर शिरला अस होतें."

तो सूर पाण्याच्या पंपाचा होता. बॅटरी तापते, म्हणून तिच्याभोवती पाणी फिरवणारा एक छोटा पंप असतो, आणि पंपात एक पात्यांचं चाक. पाती सारख्या अंतरावर असली की प्रत्येक पातं पाणी बाहेर पडतं त्या पंपाच्या ओठावरून सारख्या सारख्या वेळानं जातं. ते सारखे ठोके इतके भराभर पडतात की त्यांचा एकच सूर होतो. पाती मुद्दाम कमीजास्त अंतरावर बसवली तर तो सूर फुटतो आणि नुसती पाण्याची कुजबुज उरते. ही कल्पना माझी नव्हे. गाड्यांच्या पंख्यांत ती कधीपासून आहे. पण एवढ्याशा पंपात, कढत पाण्यात, पाणी कमी न खेचता आणि चाकाचा तोल न बिघडता पाती नेमकी किती वाकडीतिकडी ठेवायची, हे कुणी नीट शोधलं नव्हतं. ते मी शोधलं. त्या सात कोनांसाठी माझी सहा वर्षं गेली.

गणित कागदावर होतं, संगणकात होतं, पण चाक हातात नव्हतं. चेन्नईच्या आवाज मोजायच्या प्रयोगशाळेत मार्चमधला एकच दिवस मिळाला होता. कॉलेजच्या यंत्रावर मी प्लास्टिकचं चाक छापून घेतलं. कढत पाण्यात फिरवलं तर दुसऱ्या तासाला त्याची पाती मऊ पडली आणि कडा लवल्या. कोइंबतूरच्या कारखान्यानं सांगितलं, पन्नास नग घ्या. चेन्नईच्या दुसऱ्यानं सांगितलं, पाती दोन बाजूंनी वळलेली आहेत, आमचं यंत्र तीन महिने मोकळं नाही. माझे मार्गदर्शक चेन्नईलाच असतात. ते फोनवर शांतपणे म्हणाले, "काहीतरी मार्ग काढा." मार्ग काढा म्हणणारी माणसं स्वतः कधी रस्त्यावर येत नाहीत, हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे.

शेवटी मार्ग अम्मानं काढला. "स्वामीमलैच्या स्थपतीकडे जा कीं," ती म्हणाली. "आमच्या भजनमठांतला विठ्ठल तोच केला. चोखोट हात आहे."

आमच्याकडे मूर्ती ओतणाऱ्यांना स्थपती म्हणतात. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती थापायची, ती वाळवून तापवायची की मेण वितळून निघून जातं, आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. प्रत्येक मूर्तीचं मेण नव्यानं, हातानं. मला आधी हसू आलं. मग वाटलं, देवीच्या नथीतला मोती जो माणूस मेणात करतो त्याला सात पाती काय जड आहेत?

अम्मानं सांगितलेले स्थपती साठीच्या घरातले होते. कपाळावर विभूती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मेण आणि राळेच्या वासानं भरलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून बसले होते. माझं प्लास्टिकचं चाक त्यांनी दोन बोटांत धरून फिरवलं.

"हे काय, टीचरम्मा?" त्यांचं सगळं बोलणं तमिळमध्ये. इथं मी ते मराठीत देतेय.

"गाडीच्या पंपाचं चाक," मी म्हणाले. "प्लास्टिकचं आहे, गरम पाण्यात वाकलं. म्हणून धातूचं हवं."

एवढंच. त्यापुढे मी एक शब्द बोलले नाही. चार कागदांचं ड्रॉइंग पुढे ठेवलं. त्यात सातही कोन दशांशासकट होते. त्यांनी ते अदबीनं हातात घेतलं, डोळ्यांना लावायचंच काय ते बाकी ठेवलं, आणि घडी करून मेणाच्या परातीखाली सारलं. "आम्ही कागदावरून काम करत नाही. पण असू दे."

मग त्यांनी नारळाच्या झापातली एक हिरवी पट्टी ओढली. मूर्तीचं माप ते असंच घेतात. मूर्तीच्या उंचीची पट्टी कापायची, तिच्या घड्या घालून भाग पाडायचे, आणि त्या भागांवर कपाळ, नाक, छाती, गुडघे बसवायचे. मी पर्समधून माझं मोजायचं साधन काढून दिलं, केसाइतका फरक दाखवणारं. त्यांनी ते उघडून मिटून बघितलं, "छान आहे" म्हणाले आणि परत दिलं. पट्टी चाकाच्या कडेभोवती गुंडाळली, नखानं खूण केली, आणि घड्या घालायला लागले. सात भाग. मी बघत होते असं म्हणणं खोटं होईल. मार्गदर्शकांचा मेसेज आला होता आणि मी त्यांना उत्तर लिहीत होते.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवले तरी माझं पित्त खवळतं. मासी महिना, म्हणजे तुमचा माघ-फाल्गुन. गावातल्या महामहम तळ्यावर मासी मघाच्या स्नानाची गर्दी, बसेस भलतीकडून वळवलेल्या, आणि मी स्कूटीवर घामाघूम. पहिल्यांदा गेले तर अमावास्या झाल्याशिवाय ते मेणाला हात लावणार नव्हते. दुसऱ्यांदा गेले तर मेण झालं होतं, पण मातीचा पहिला थर ओला होता. तिसऱ्यांदा गेले तर दुसरा थर ओला होता आणि स्थपती कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. मी संगणकावर रंगीत चौकोनांचं वेळापत्रक केलं होतं. ते त्यांना दाखवलं. त्यांनी प्रत्येक रंगीत चौकोनावर बोट ठेवून त्या त्या दिवसाचा राहुकाळ सांगितला. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार, असा आठवडाभर. मी हात टेकले.

ओतायचा दिवस शुक्रवार ठरला. बारापर्यंत राहुकाळ, म्हणून साडेबारा. भट्टी पेटली होती, मूस लाल झाली होती, आणि त्यांनी मला विचारलं, "नाव, गोत्र, नक्षत्र?"

"पंपाच्या चाकाला नक्षत्र कशाला?"

"चाकाला नाही, तुम्हाला. ज्याच्या नावानं ओतलं ते त्याच्या घरी जातं."

मी दातओठ खात नक्षत्र सांगितलं. ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगच्या संशोधनात माझं चित्रा नक्षत्र कुठल्या प्रकरणात घालू, असं विचारावंसं वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून संकल्प केला आणि धातूची धार साच्यात सोडली.

दोन दिवसांनी माती फोडली. कानस फिरवून, चिंचेनं घासून त्यांनी चाक पांढऱ्या कापडावर माझ्यापुढे ठेवलं. "एक छिद्र नाही," ते म्हणाले. खरंच नव्हतं. पात्यांच्या कडा कागदासारख्या पातळ, वळण तर असं की बोट आपोआप फिरावं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते चाक खरं होऊन माझ्यासमोर होतं. मी ते उचललं, उजेडात धरलं.

सातही पाती सारख्या अंतरावर होती. केसाचाही फरक नाही.

"ही सारखी आहेत," मी म्हणाले.

"हो ना!" ते खूश झाले. "तुमचं फार वाकलं होतं. दोन पाती तर अगदी जवळ येऊन बसली होती. मी सगळी नीट केली."

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहायची मला लाज वाटते. सहा वर्षं, असं म्हणाले. तुम्हाला कुणी शहाणपणा सांगितला होता, असं म्हणाले. परातीखालचं ड्रॉइंग ओढून काढलं. त्यावर मेणाचं गोल वर्तुळ उमटलं होतं, पहिली घडीसुद्धा कुणी मोडलेली नव्हती. ते मी त्यांच्यासमोर नाचवलं. माझी नोकरी जाणार, तुमच्यामुळे जाणार, असंही म्हणाले. शेजारच्या शेडमधली कानस थांबली. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका थांबल्या.

ते उठून उभे राहिले होते, मोठ्या माणसासमोर राहावं तसे. "वाकलंय असं तुम्हीच सांगितलं, टीचरम्मा."

खरं होतं. म्हणून तर माझ्या डोक्यात आणखीच तिडीक गेली.

"मग वितळवा ते!"

"नाही," ते हळू पण ठाम आवाजात म्हणाले. "त्यात खोट नाही. खोट असेल तेच मुशीत परत जातं."

मी चाक तिथंच टाकून निघून आले. चेन्नईच्या दिवसाला अकरा दिवस उरले होते.

घरी अम्मानं डांगर पच्चडी केली होती, उडदाच्या पिठाची, ताकातली, मला आवडते म्हणून. मी ताटाला हात लावला नाही. सगळं सांगितलं, स्थपतींना शिव्या घालत सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वांकड कां म्हणून पाहिजे, ते तूं त्याला सांगिटलीस का?"

"त्याला काय समजणार आहे, अम्मा? तो मूर्ती करणारा माणूस."

"सांगिटली नाहींस."

"अग पण..."

"तो अस्कि, सगळ्या देवांचीं मापं जाणतो. आमच्या विठ्ठलाचे दोन कोपर तोच सरी केला, एकासारखा एक. एक कोपर वांकड ठेव म्हणून तूं सांगिटली नाहींस, तर तो कसा ठेवेल?" तिनं माझं ताट माझ्याकडे सरकवलं. "उद्यां जा. बिरीन जा, उशीर करूं नको. आणि हे रागाच तोंड घरांत ठेवून जा."

तोंड घरी ठेवून जाता येत असतं तर माझं अर्धं आयुष्य सुखात गेलं असतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तेच तोंड घेऊन गेले. ते शेडमध्ये बसले होते, हातात काम नव्हतं. मला बघून परत उठायला लागले. मी म्हणाले, "बसा, अय्या." कोन, लहरी, ठोके, यातलं एकही तमिळमध्ये धड सांगता येईना. वर्गात मी इंग्रजीत शिकवते, आणि इंग्रजीत सांगितलेलं कुणाला समजलं की नाही हे मी कधी विचारलेलं नाही.

शेवटी पर्समधला कंगवा काढला. त्याच्या दातांवरून नख ओढलं. बारीक, सरळ सूर निघाला. "हा आवाज नको," मी म्हणाले. मग चिडून कंगव्याचे दात मोडायला लागले. एक इथला, दोन तिथले, तीन टोकाचे. परत नख ओढलं. नुसती खरखर. "हा हवा."

त्यांनी कंगवा माझ्या हातातून घेतला, कानाशी धरला, एकदा दात असलेल्या बाजूनं नख ओढलं, एकदा मोडलेल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हाला श्रुती मोडायची आहे! लागलेला सूर फोडायचा!"

"हो! हो, श्रुती मोडायची आहे!"

"हे आधी सांगायचं ना. जन्मभर आम्ही सगळं सरळ करत आलो. बिघडवायचं काम पहिल्यांदाच आलं." ते हसले, पण लगेच कपाळाला आठी पडली. "पण पाती एका बाजूला गेली तर वजन एका बाजूला जाईल. फिरताना थरथरेल."

"नाही जाणार. तोल मध्येच राहील असे कोन काढलेत. त्यालाच तर वेळ लागला."

"सहा वर्षं," ते म्हणाले. माझ्याच तोंडचे शब्द. मी खाली बघितलं.

त्या दिवशी मी तिथं पाच तास बसले. मी एकेक कोन वाचायची, ते झापाच्या पट्टीवर नखानं खूण करायचे, मी माझ्या साधनानं तपासायची, मग ते मेणाचं पातं त्या खुणेवर बसवायचे. पट्टी वाळून आखडते म्हणून ते मध्येच नवी कापायचे, हे मला तेव्हा समजलं. ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा त्यांनी मला दोनदा विचारला. तिसऱ्या पात्यापाशी त्यांचा हात थांबला. ते आणि चौथं फार जवळ होतं. हाताला पटत नव्हतं, हे दिसत होतं. डोळे बारीक करून त्यांनी ते तिथंच बसवलं.

यावेळी मातीचे थर पातळ दिले, भट्टीच्या उबेला ठेवून वाळवले. ओतायच्या दिवशी राहुकाळ कधी, हे मीच विचारलं. माझं नक्षत्र त्यांनी विचारलं नाही, त्यांच्या लक्षात होतं. चाक निघालं तेव्हा त्यांनी ते तारेवर घालून दोन सुऱ्यांच्या धारेवर ठेवलं, फिरवलं, एका पात्याच्या टोकाला कानस लावली, पुन्हा फिरवलं. चाक कुठंही झुकलं नाही. मी माझ्या साधनानं सातही अंतरं मोजली आणि मग पुन्हा मोजली. गणिताप्रमाणे होती.

निघताना त्यांनी कापडात बांधून गाठोडं दिलं. ते दुपटीनं जड होतं.

"ते पहिलं कशाला, अय्या?"

"तुमच्या नावानं ओतलंय. तुमच्या घरी जायला हवं."

वाद घालायला वेळ नव्हता. बॅगेत कोंबलं आणि ओझं वाढलं म्हणून बसस्टँडपर्यंत कुरकुरत गेले.

चेन्नईची ती खोली चहूकडून फोमच्या खुंट्यांनी भरलेली. आत गेलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. तिथले इंजिनिअर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नीटनेटके, घड्याळाकडे बघणारे. मी गाडीच्या पंपात मुळात येतं ते कारखान्याचं, सारख्या पात्यांचं प्लास्टिकचं चाक आणि माझं वाकड्या पात्यांचं चाक त्यांच्यापुढे ठेवलं. या दोघांची तुलना, असं माझ्या प्रबंधात लिहिलेलं होतं. मार्गदर्शकांनी ते चारदा वाचून सही केली होती.

ते गृहस्थ क्षणभर दोन्हींकडे बघत राहिले. "मॅडम, हे धातूचं आहे आणि हे प्लास्टिकचं. आवाज कमी झाला तर तो पात्यांमुळे झाला की धातूमुळे, हे कसं सांगणार? याच धातूचं, अशाच ओतकामाचं, पण सारख्या पात्यांचं चाक नाही आणलं?"

इतका साधा प्रश्न. पहिल्या वर्षाच्या मुलानं विचारावा असा. सहा वर्षांत तो मला पडला नव्हता, मार्गदर्शकांना पडला नव्हता. त्यांच्या मागच्या फळ्यावर पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती. मी मनातल्या मनात कॉलेजच्या पायऱ्या उतरायला लागले होते.

आणि मग मला बॅगेचं ओझं आठवलं.

"आणलंय," मी म्हणाले आणि गाठोडं सोडलं.

"मग मघापासून काढलं का नाही?"

मी चाक त्यांच्या हातात दिलं.

आधी सारख्या पात्यांचं फिरवलं. तिरुनागेश्वरमच्या फाटकापाशी अम्मानं पदर कानावर घेतला होता तोच सूर, आणि पडद्यावर देवळासमोरच्या ध्वजस्तंभासारखी एकच उंच रेघ. मग माझं फिरवलं. सूर नाही. पाण्याची कुजबुज, आणि पडद्यावर रेघ मोडून बुटक्या बुटक्या खुंट्या. "सुंदर," ते गृहस्थ म्हणाले आणि घड्याळ बघायचं विसरले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, आणि त्यानंतरही झालेला नाही.

प्रबंध मार्चअखेर गेला. नोकरी राहिली. तोंडी परीक्षेला बाहेरून दोन परीक्षक आले होते. त्यातल्या थोरल्यांनी नेमकं दोन चाकांच्या तुलनेच्या पानावर बोट ठेवलं. "या प्रबंधातला सर्वांत चांगला भाग हा," ते म्हणाले. "तुलनेसाठी तोच धातू, तोच कारागीर, तीच पद्धत. फक्त पाती सारखी. लोक नेमके इथंच चुकतात. हे कधी ठरवलंत?"

माझे मार्गदर्शक शेजारी बसले होते. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

"सुरुवातीपासून," मी म्हणाले.

कुणी पुढं काही विचारलं नाही. आभाराच्या पानावर स्थपतींचा उल्लेख आहे, दोन्ही चाकं ओतून दिल्याबद्दल. त्या वाक्यात खोटं एक अक्षर नाही. मी ते फार जपून लिहिलं होतं.

पेढे घेऊन स्वामीमलैला गेले तेव्हा स्थपतींनी आधी देवापुढे पुडा ठेवला, मग माझ्याकडे वळले. "ते चुकलेलं चाक आहे का अजून?" त्यांनी विचारलं. "असेल तर मला परत द्या. हाताची चूक आम्ही वितळवतो. ही डोक्याची आहे, डोळ्यांसमोर राहू दे." त्या क्षणी सांगता आलं असतं. ते चुकलेलं नव्हतं, त्यानंच मला वाचवलं, एवढी दोन वाक्यं. तमिळमध्ये मला ती बोलता येतात. पण मग ते आनंदानं सगळ्यांना सांगतील, स्वामीमलैहून कुंभकोणमला गोष्ट यायला किती वेळ लागतो, आणि परीक्षक, आणि कॉलेज, असं सगळं माझ्या डोक्यातून सरकून गेलं. पुढच्या आठवड्यात मी चाक नेऊन दिलं.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका नव्या बाईंना तिकडे घेऊन गेले. त्यांनाही एक भाग ओतून हवा आहे. स्थपती आता जास्त वाकलेत, चष्म्याच्या दोन्ही काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. बाईंचा नमुना हातात घेण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं ते सारख्या पात्यांचं चाक काढून त्यांना दाखवलं.

"ही माझी चूक," ते म्हणाले. "न विचारता सरळ केलं. टीचरम्मांची सहा वर्षं मी बुडवणार होतो. त्या रडवेल्या झाल्या होत्या. तेव्हापासून कुणीही आलं की आधी विचारतो, हे असं का?"

बाई कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या. स्थपतीही माझ्याकडे वळले. मी गेले की ते दरवेळी विचारतात, त्या दिवशीही विचारलं, "तिकडं चेन्नईला माझ्यामुळं तुम्हाला कुणी काही बोललं नाही ना?"

"नाही, अय्या," मी म्हणाले. "कुणी काही बोललं नाही."

त्यांनी मान हलवली, धोतराच्या सोग्यानं चाक पुसलं आणि परत खिळ्याला अडकवलं.